ठवकरांची मोनोग्रामवाली गाडी

ठवकर कोणाच्याही मोटारीत बसले की मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात बसत, दोन्ही डोळे गच्च मिटत आणि म्हणत, "आता फाटकावरून घ्या."

फाटक म्हणजे रेल्वेचं फाटक. मोटार कोणाची का असेना. आमच्या साहेबांनी नवी कोरी छोटी गाडी घेतली तेव्हा कचेरीतल्या सगळ्यांना आळीपाळीनं एकेक चक्कर मारून आणली. बाकीच्यांनी हॉर्न वाजवून पाहिला, काचा खालीवर केल्या, लिटरला किती देते ते विचारलं. ठवकरांनी डोळे मिटले. साहेबांनी हौसेनं गाडी फाटकावरून घेतली, रुळांवर चार दणके बसले. ठवकरांनी डोळे उघडले, कमरेवर हात ठेवून क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "नापास."

साहेबांनी गाडी तिथूनच माघारी वळवली. त्या वर्षी ठवकरांचा गोपनीय अहवाल काय गेला असेल याची आम्ही बरेच दिवस चर्चा करत होतो.

ही सत्तर-ऐंशीच्या मधली गोष्ट. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या एका सरकारी कचेरीत मी ड्राफ्ट्समन होतो, आणि ठवकर चांद्याहून बदलून आमचे हेड ड्राफ्ट्समन म्हणून आले होते. उंच, सुकलेले, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. जगातल्या यच्चयावत वस्तूंचे त्यांनी दोनच वर्ग केले होते, पास आणि नापास. कँटीनचा चहा नापास. मंत्र्याचं भाषण नापास. माझं अक्षर काठावर पास, तेही "तुमच्या बाकीच्या कामाकडे पाहून गा". राग येई, पण माणूस लबाड नव्हता. हाताखालच्या माणसाची चूक स्वतःच्या नावावर घेताना मी त्यांना दोनदा पाहिलं आहे.

मोटारींचं वेड मात्र विचित्र होतं. डॉक्टरांच्या मोटारी, वकिलांच्या मोटारी, ओळख असो की नसो, हे जाऊन विचारत, "जरा मागं बसून पाहू का?" एका लग्नात नवरदेव उतरला आणि त्याच्या फुलांनी सजवलेल्या गाडीत हे शिरले. फाटकापर्यंत जाऊन आले तेव्हा पंगत उठली होती.

"ठवकर, गाडी घ्यायची आहे का?" मी विचारलं.

"पाहून राहिलो," एवढंच उत्तर.

आणि एके दिवशी त्यांनी घेतली. नागपूर सोडून जाणाऱ्या एका डॉक्टरांची जुनी, छोटीशी विलायती गाडी. तिच्या नाकावर हाताच्या पंजाएवढा चकचकीत मोनोग्राम होता, मुकुट आणि त्याखाली दोन सिंह. आता यातली गंमत अशी की हीच गाडी त्या काळी दोन नावांनी मिळे. एक साधी, एक मोनोग्रामवाली. पत्रा तोच, इंजिन तेच, चाकं तीच. मुकुटवालीची किंमत मात्र जवळजवळ दुप्पट. आणि त्या किमतीसाठी ठवकरांनी हुडकेश्वरचा आपला प्लॉट विकला होता. हुडकेश्वर तेव्हा गावाबाहेरचं खेडं होतं हे खरं. पण आज तिकडून जाताना माझाच जीव कासावीस होतो.

कचेरीत हलकल्लोळ उडाला. माझ्याकडे स्वतःची स्कूटर होती, तिचाही नंबर सासऱ्यांनी लावलेला, त्यामुळे वाहनांबद्दल मत देण्याचा अधिकार आपल्याला आहे असं मला वाटे. मी अर्धा तास बोललो. साधी घेतली असती तर प्लॉट राहिला असता, सुटे भाग इथल्या इथे मिळाले असते. हिच्या नाकावरची जाळी मोडली तर कलकत्त्याला पत्र लिहावं लागेल. एका पितळी मुकुटासाठी माणसानं घराची जागा विकावी?

ठवकरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोनोग्राम पाहा ना भाऊ!"

मग हे पालुपदच झालं. गाडी ते फक्त शनिवारी आणत. बाकी पाच दिवस स्वारी सायकलवर! शनिवारी अर्धा दिवस काम असे. सकाळी सगळ्यांच्या देखत रुमालानं मुकुट पुसत आणि मोठ्यानं सांगत, "असा मोनोग्राम अख्ख्या नागपुरात नाही. आमची मंडळी तं आता गाडीतून खालीच उतरत नाही. म्हणते, इतक्या मोठ्या गाडीतून काहून उतरू?" हे सांगताना धोंडबा चपराशी जवळपास असेल याची ते काळजी घेत. तो नसला तर त्याला बोलावून घेत. साहेबांना ऐकवायचं सोडून चपराशाला ऐकवण्यात यांना काय सुख आहे ते मला कळत नसे.

त्यांच्या मंडळींनाही आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. हळदीकुंकू असो, सत्यनारायण असो, बाई कधी आल्या नाहीत. माझी बायको म्हणे, "मोठी शिष्ट दिसते." मीही म्हणे, "नवऱ्याला शोभेल अशीच असणार." आज हे लिहितानासुद्धा मला त्या वाक्याची लाज वाटते.

धुळवडीच्या आधीच्या शनिवारी माझ्या डोक्यात खोड शिरली. ठवकर नकाशांच्या खोलीत असताना मी गाडीच्या नाकावरचा मोनोग्राम पेचकसानं काढला आणि त्याच्या जागी धोंडबाचा जुना बिल्ला तारेनं बांधला. चपराशाच्या पट्ट्यावर असतो तो, पितळेचा, मधोमध 'चपराशी' असं ठळक कोरलेला. दीड वाजता सगळी कचेरी व्हरांड्यात जमली.

ठवकर आले. गाडीसमोर थांबले. बिल्ला वाचला. आम्ही हसू दाबून उभे. त्यांनी घड्याळ पाहिलं, "बरं दिसते," म्हणाले आणि गाडी सुरू करून निघून गेले.

सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. वर्षभर ज्या मुकुटाची आरती ऐकली तो गेला आणि माणूस हूं की चूं करत नाही! ठवकर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मोनोग्राम माझ्या टेबलाच्या खणात पडून होता आणि खण उघडला की तो माझ्याकडे बघे. पुढच्या शनिवारी ठवकर चपराशाचा बिल्ला लावलेली गाडी घेऊन कचेरीत आले आणि तीच घेऊन घरी गेले. तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवेना. वर्तमानपत्रात मोनोग्राम गुंडाळून मी स्कूटरवरून त्यांच्यामागोमाग गोळीबार चौकापाशी त्यांच्या घरी गेलो.

गाडी दारात उभी होती. मागचं डावं दार उघडं होतं. ठवकर आपल्या पत्नीला दोन्ही हातांवर उचलून, पायऱ्या उतरून, गाडीकडे येत होते.

मी जागच्या जागी थांबलो. चाळिशीच्या बाई, नऊवारी हिरवं पातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू, केसांत अबोली. ठवकरांनी त्यांना सीटवर अलगद टेकवलं, पाय आत घेतले, पदर सारखा करून दिला. हे सगळं इतकं सवयीनं झालं की त्यांनी मला पाहिलं ते दार लावल्यावर. त्यांचा चेहरा पडला. माझाही.

आतून बाईच बोलल्या. "या भाऊजी. मोनोग्रामले हसणारे ते तुमीच का?"

मी पुडकं पुढे केलं. ठवकरांनी ते न उघडताच पुढच्या सीटवर टाकलं. "आता आलेच हा तं बसा," ते म्हणाले. "कन्हानले जाऊन येऊ. दिवस बुडाच्या आत वापस."

मी बसलो. पुडकं उचलून मांडीवर घेतलं.

गाडी कामठी रस्त्याला लागली. मग ठवकर मधूनमधून समोर पाहतच म्हणू लागले, "खड्डा, डावा." "बैलबंडी हाय, ब्रेक लावतो." "फाटक आलं वं." फाटकावर त्यांनी गाडी इतकी हळू केली की मागच्या ट्रकवाल्यानं शिव्या दिल्या. मागून आवाज आला, "झालं. काही नाही."

मग बाईंनीच, सुशीलाबाई त्यांचं नाव, सांगितलं. चांद्याला असताना त्यांना मणक्याचा क्षय झाला. अकरा महिने प्लास्टरमध्ये पडून काढले. रोग गेला, पण पाठ गेली आणि चालणंही सुटलं. रिक्षात बसलं की तीन दिवस अंथरूण, एसटीचं तर नावच नको.

"आन् कन्हानले माही माय हाय," त्या म्हणाल्या. "एकटी. माही मोठी बहीण याच दुखण्यानं गेली, तिच्या मांडीवर. मले तेच झालं हे तिले कळलं तं ती जगणार नाही भाऊजी. चांद्यावरून पत्रं पाठवत होतो, बदली हाय, सुटी भेटत नाही. नागपूरले आल्यावर कोणतं कारण सांगू?"

म्हणून गाडी. ठवकर आधी स्वतः बसून पाहत. फाटकावर यांच्या कमरेला दणका कळला की गाडी नापास. दोनच गाड्या सुशीलाबाईंपर्यंत पोचल्या. पहिली हिचीच साधी बहीण. "बाहेरून सारखीच दिसे. फाटकावर माह्या डोयात पाणी आलं." दुसरी ही. हिच्या सीटमध्ये कातड्याखाली घोड्याच्या केसांची जाड गादी होती, आणि खाली स्प्रिंगा वेगळ्या.

"मग साधी घेऊन हिची सीट तेवढी बसवायची होती," मी म्हटलं. माझ्यातला शहाणा अजून मेला नव्हता.

"कारागिराले विचारलं," ठवकर म्हणाले. "तो म्हणे, सीट बसवून देईन, खालचं कुठून आणू? नाही जमत गा."

म्हणजे आम्ही वर्षभर चर्चा करत होतो तो दुप्पट पैसा मुकुटाचा नव्हताच. तो चार बोटं गादीचा होता. ती चार बोटं मुकुटाशिवाय कोणी विकत नव्हतं, म्हणून यांनी मुकुटही घेतला.

"पण ठवकर, मला तरी सांगायचं होतं."

"धोंडबा कुठून येते रोज?"

धोंडबा रोज कन्हानहून पॅसेंजरनं येत असे. कचेरीत सकाळी बोललेलं संध्याकाळी कन्हानला ठवकरांच्या सासूच्या ओसरीवर पोचायचं. ठवकरांना तिथे पोचवायचं होतं ते एवढंच, की जावई मोठ्या गाडीच्या घमेंडीत आहे आणि लेक इतकी चढली आहे की गाडीतून उतरत नाही. हसू देत लोकांना. मी तर फुकटचाच हसलो होतो, आणि माझ्या हसण्याचाही त्यांनी उपयोग करून घेतला होता.

कन्हानचा पूल ओलांडून गाडी एका कौलारू घरासमोर कडुनिंबाखाली थांबली. दार उघडायच्या आत एक वाकलेली म्हातारी लगबगीनं आली आणि मागच्या सीटवर लेकीशेजारी चढून बसली. शेजारच्या दोघीतिघी जमल्या. म्हातारी खिडकीतून त्यांना म्हणाली, "नाही उतरत वं ती! अशी गाडी तुमच्या जावयानं घेतली असती तं तुमच्या पोरीबी नसत्या उतरल्या." बायका हसल्या, गाडीवरून हात फिरवून गेल्या.

आम्ही दोघं बाजूच्या ओट्यावर बसलो. दोन तास गाडीतून मायलेकींचं बोलणं ऐकू येत होतं. काय बोलत होत्या ते कळत नव्हतं, मधूनच हसणं तेवढं यायचं. मध्ये मी उठून चपराशाचा बिल्ला काढला आणि मोनोग्राम जागेवर बसवला. स्क्रू घट्ट करताना ठवकर माझ्याकडे पाहत होते. "तिरपा होऊन राहिला," म्हणाले. मी सरळ केला.

उन्हं उतरली तेव्हा म्हातारी गाडीतून उतरली, घरात गेली आणि हातात एक लहानशी गादी घेऊन थेट ठवकरांकडे आली. जुन्या लुगड्याच्या कापडाची, हातानं टाके घातलेली.

"जावईबापू, हे सीटले लावत जा. कातड्याची सीट हाय. महागाची. डाग पडन."

ठवकरांनी गादी घेतली. म्हातारी लेकीला निरोप द्यायला खिडकीकडे गेली. ठवकरांनी गादी उलटीपालटी केली आणि त्यांचा हात एका जागी थांबला. मीही हात लावून पाहिला. कापूस कडेकडेनं दाबून भरला होता आणि मधोमध, बरोबर माणसाचा मणका जिथे टेकेल तिथे, वीतभर उभी पट्टी मोकळी सोडून दोन्ही बाजूंनी बारीक टाके घातले होते.

"बुढीले माहीत हाय गा," ठवकर म्हणाले. आवाज असा की जेमतेम ऐकू आला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. बाई खिडकीतून पाहत होत्या, पुसलं असतं तर त्यांना दिसलं असतं.

गाडीपाशी जाऊन त्यांनी दार उघडलं.

"काय देल्लं आईनं?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"सीटले लावाले. डाग पडन म्हणते."

सुशीलाबाईंनी गादी मांडीवर घेतली. बोटं टाक्यांवरून फिरली, मधल्या मोकळ्या पट्टीवर थांबली. त्यांनी वर पाहिलं. म्हातारी ओट्याशी उभी राहून हात हलवत होती, हसत होती. सुशीलाबाईही हसल्या, हात हलवला आणि गादी सावकाश पाठीमागे घेतली. ठवकरांनी गाडी सुरू केली.