बशीरभाईचं लांबचं भिंग

बशीरभाई माणसाला भेटायला पुढे येत नसे, मागे जात असे. तुम्ही राम राम घातला की हा एक डोळा मिटून पाठीमागे चालायला लागे. सात-आठ पावलं गेल्यावर तिथून ओरडून विचारी, "काय दादा, बरं शे ना?" असाच मागे जाता जाता एकदा भर बाजारात कुंभाराच्या मडक्यांवर बसला. कुंभार काठी घेऊन उठला, तर हा मडक्यांतूनच त्याला म्हणतो, "हालू नको! आते बरा दिसी ऱ्हायना."

नंदुरबारात आमच्या ओट्यासमोर, रस्ता ओलांडला की त्याचं फोटोचं दुकान. मी घरोघर दूध घालणारा, तिसरीत शाळा सुटलेला माणूस. गोड करून सांगणं मला जमत नाही. त्याने काढलेला फोटो घरचे ओळखत, पण बघून आनंद कुणाला होत नसे. कॅमेऱ्याचं भिंग जुनं आणि आळशी. चार आकडे मोजेपर्यंत समोरच्याने श्वास घ्यायचा नाही. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा. नवरदेवसुद्धा चोरी करताना सापडल्यासारखा दिसे.

बशीरभाई सगळा दोष भिंगाला देई. "हाई भिंग उजेड पेसच नही!" भिंग उजेड पीतच नाही, हे त्याचं पालुपद. एकदा कुणी जावई दाखवायला आणला, तर मागे मागे जाऊन, एक डोळा मिटून म्हणाला, "पोऱ्या चांगला शे, पन उजेड पेस नही." सासरा वर्षभर बोलला नाही.

मग माझी बायको जिजा दम्याने अंथरुणाला लागली. वैद्य मला बाजूला घेऊन म्हणाला, यंदाची थंडी ती काढेलसं वाटत नाही. घरात तिचा एक फोटो नव्हता. मी तडक समोर गेलो. म्हटलं, "बशीरभाई, ती आहे तोवर तिचं तोंड मला कागदावर पाहिजे."

अडचणी दोन. चार आकड्यांत ती दोनदा खोकणार. आणि परका पुरुष जवळ आला की तिचा पदर नाकापर्यंत. रस्त्यापलीकडून मात्र पदर डोक्यावर आणि तोंड मोकळं. बशीरभाई एकटा जीव, म्हणून ती रोज त्याला भाकरी पाठवी आणि ओट्यावरून ओरडे, "ओ बशीरभाई! काच मंग पुसा, पहिले जेवा!"

म्हणजे भिंग असं हवं की रस्त्यापलीकडून तिचं तोंड धरेल आणि खोकला यायच्या आत काम उरकेल.

सुरतेच्या गाडीने पसंतीवर तीन भिंगं आली. पहिलं लांबचं, पण आळशी. दुसरं चपळ, पण आखूड. त्याने तोंड भरून यायचं तर नाकाशी जाऊन उभं राहायचं, आणि मग नाकाचं वांगं होई. तिसरं पितळी, दुधाच्या मापाएवढ्या तोंडाचं, लांबचंही आणि चपळही. पण डोळे लख्ख आले की कान धुक्यात जात.

भिंगांची परीक्षा माझ्या म्हशीवर झाली. "इना जबडा फोटोमां थांबना, म्हनजे भाभीना खोकला बी थांबी," असा त्याचा हिशेब. म्हैस दिवसभर रवंथ करते. पहिल्या भिंगाने तिला तीन तोंडं आली. महिनाभर हेच. आमच्या अख्ख्या भावकीचे नाहीत एवढे फोटो त्या म्हशीचे आहेत.

मग मला बसवलं. तिसऱ्या भिंगाने माझी मिशी केसन् केस आली, कान मात्र गायब. बशीरभाई कपाळाला हात लावून बसला. "मानूसना कानच नहीत. हाऊ काय फोटो शे?"

मी कागद घरी नेला. जिजाने उशाला टेकून बघितला. म्हणाली, "फोटो बराबर उना. कान तसाबी ह्या वापरतस कोठे?"

तरी बशीरभाईचं ठरेना. शेवटी मी म्हटलं, "ती जाईल आणि तू भिंग पुसत बसशील." त्याचं तोंड उतरलं. दुसऱ्या सकाळी तिसरं भिंग लावून कॅमेरा त्याने आपल्या दारात मांडला.

जिजा ओट्यावर बसली. बशीरभाई काळ्या फडक्यात डोकं घालून ओरडला, "भाभी, हालू नका!" म्हैस महिनाभरात त्याला सोकावली होती. मागून आली आणि फडकं चघळायला लागली. आतून हा ओरडतोय, "कोन शे? कोन शे?" जिजाला हसू फुटलं. तोंडावर न्यायला तिने हात उचलला, आणि याने तेवढ्यात फोटो घ्यायचा रबरी फुगा दाबला.

"बिघडना," संध्याकाळी तो म्हणाला. तिचा हात हललेला, दात दिसतायत. आमच्याकडे फोटोत कुणी हसत नाही, त्यात दोष मानतात. फोटो आधी काचेवर उतरे, मग कागदावर; बिघडलेली काच तो त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन टाकी. त्याच्या खिडकीला अशा धुतलेल्याच काचा. "बाजार व्हयना का परत काढू," म्हणाला.

बाजाराच्या आदल्या दिवशी जिजा गेली.

तेरावं झाल्यावर मी त्याच्या दुकानात गेलो. विचारलं, "काच धुतलीस?"

तो उठला. आत जाऊन पेटी उघडली. ईदच्या कपड्यांत गुंडाळलेली काच बाहेर काढली.

"पानी गरम करं व्हतं," म्हणाला. "हात चालना नही."

तिथेच त्याने मला कागदावर फोटो काढून दिला. हाताच्या जागी नुसता पांढुरका धूर. पण डोळे, दात, कपाळावरची बट, सगळं जिवंत. मी कागद घेतला आणि काचही उचलली, तसा तो हळूच म्हणाला, "दादा, काच मन्हापान ऱ्हाऊ दे."

"तुला कशाला?"

"तीस वरीस व्हयनात दुकानले," तो म्हणाला. "मन्हासमोर बशीसन कोनी हासनं नही."

मी काच खाली ठेवली.