मांजरीने घडवलेले उपास

"कुंडीत कोन बसलं होतं?" ज्ञानचंदजींनी विचारलं. आवाज अगदी शांत होता, इतका शांत की स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असलेल्या राजमतीबाई लाटणं टाकून ओसरीवर आल्या.

ओसरीवर चार कुंड्या होत्या. मोगरा, अबोली आणि गवती चहा या तीन साध्या, चौथी गुलाबाची. हा गुलाब ज्ञानचंदजींनी नागपूरहून आणला होता. अकोल्यापासून वाशीमपर्यंत मोटारीत त्यांनी तो मांडीवर धरला होता, आणि शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या पोराने पानाला हात लावला तेव्हा त्या बाईला उठून मागे बसायला लावलं होतं. त्या गुलाबाला दीड वर्षात एकही फूल आलेलं नव्हतं. आज त्याच कुंडीतली निम्मी माती फरशीवर आली होती आणि उरलेली निम्मी नीट सारखी करून ठेवलेली होती. खाली काय दडवलं आहे ते वासावरून कळत होतं.

"मांजर असंन," राजमतीबाई म्हणाल्या.

"असंन नाई, मांजरच हाय. तुह्यी मांजर."

"माह्यी कायले? मी का पायली तिले?"

हा मुद्दा बरोबर होता. मांजर उंदीर मारते आणि ते पाप पाळणाऱ्याच्या माथी बसतं, म्हणून जैनाच्या घरी मांजर पाळत नाहीत. राजमतीबाईंनीही ती पाळली नव्हती. त्या तिला फक्त सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी घालत, आणि तीही अशासाठी की भरल्या पोटी तिला उंदरांची आठवण होऊ नये. नाव ठेवलं तर पाळल्यासारखं होईल म्हणून तिला नावही नव्हतं. या व्यवस्थेत उंदीर वाचले आणि मांजर गुटगुटीत झाली. वेळच्या वेळी खाणाऱ्या जिवाला वेळच्या वेळी जावंही लागतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

ज्ञानचंदजी एवढं शांतपणे बोलत होते त्यालाही कारण होतं. वाशीमच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्यांचा राग जास्त प्रसिद्ध होता. मागच्या महिन्यात आसेगावच्या सोजरबाईने पस्तीस लुगडी उलगडायला लावली आणि "घरी इचारून पाह्यतो" म्हणून उठली. त्यावर ज्ञानचंदजी जे बोलले ते ऐकून सोजरबाई तर गेलीच, पण दुकानात बसलेली आणखी तीन गिऱ्हाइकं समोर हुकूमचंदजींच्या दुकानात गेली. हुकूमचंदजींची जीभ गोड होती. ते पस्तीस लुगडी दाखवून छत्तिसावं आपण होऊन उलगडत. दोघांची दुकानं समोरासमोर आणि घरं भिंतीला भिंत लागून. होता होता समोरच्या दुकानात बसायला जागा उरेना आणि ज्ञानचंदजींच्या गादीवर ते एकटे उरले.

दुकान बसायची पाळी आली तेव्हा आषाढात, मंदिरात, पंडितजींसमोर आणि साऱ्या समाजाच्या देखत त्यांनी नियम घेतला. चातुर्मासाचे चार महिने रागावणार नाही. रागावलो तर दुसऱ्या दिवशी उपास, फक्त उकळलेल्या पाण्यावर. हुकूमचंदजी तेव्हा गालातल्या गालात हसले होते. आता हा नियम मोडला तर बाजारात तोंड दाखवायची सोय नव्हती. राग आला की नाही हे ठरवण्याचं काम राजमतीबाईंकडे होतं, कारण त्यांना वीस वर्षांचा अनुभव होता.

आज नियमाचा तिसरा दिवस होता.

"मी फक्त इचारलं," ज्ञानचंदजी म्हणाले. "हा राग धराचा का?"

राजमतीबाईंनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. "आवाजात नाई. पन शीर उडून राह्यली."

"मंग?"

"उद्या उपास."

उपासाच्या दिवशी ज्ञानचंदजींनी बाभळीचे काटे आणून चारही कुंड्यांत रोवले. राजमतीबाईंनी दिवे लागायच्या आत ते एकेक करून वेचून काढले.

"मुक्या जिवाच्या पायात काटा गेला तं पाप कोनाले?"

"आन माह्या गुलाबाच्या मुळात थे गेलं त्याचं?"

"थे तं खत हाय."

मग त्यांनी तिखट भुरभुरायचं काढलं. तिखटाने मांजरीचे डोळे जातील, म्हणून तेही नामंजूर झालं. नदीवरचे गोल गोटे आणून मातीवर बसवले, तर पावसाळ्यात गोट्याखाली किडे-मुंग्या जमतात आणि गोटा हलवला की चिरडतात, म्हणून राजमतीबाईंनी गोटे परत नदीवर पोचवायला लावले. लिंबाच्या साली तेवढ्या पास झाल्या, कारण सालींनी कुणी मरत नाही. मांजरीने त्या हुंगल्या, नाक उडवलं, आणि पायाने एकेक साल कुंडीबाहेर काढून आपली जागा मोकळी करून घेतली. त्या दिवशी ज्ञानचंदजी ओरडले. ते मांजरीवर नव्हे, लिंबावर ओरडले असं त्यांचं म्हणणं होतं. पण उपास झालाच.

अखेर त्यांनी घासलेटचा एक डबा आडवा कापून घेतला, त्यात बारीक रेती भरली आणि मांजरीला समोर बसवलं. चिडायचं नाही, समजावून सांगायचं असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ते डब्याजवळ उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी रेती उकरून दाखवू लागले. मांजर कान टवकारून पाहत होती.

"असं उकराचं, मंग बसाचं, मंग असं झाकाचं," ते सांगत होते.

तेवढ्यात हुकूमचंदजी दुकानाकडे निघाले होते, ते थांबले. "काय करून राह्यले, ज्ञानचंदजी?"

"काई नाई," ज्ञानचंदजी रेती झाकत म्हणाले.

हुकूमचंदजी आणखी थोडा वेळ थांबले, पण पुढे काही होईना तेव्हा निघून गेले. मांजरीने डब्याभोवती एक फेरी मारली, आणि मग शिकल्याप्रमाणे सगळं अगदी क्रमाने केलं. फक्त गुलाबाच्या कुंडीत केलं.

आता एकच उपाय राहिला होता, स्वतः पहारा करायचा. मांजरीची वेळ पहाटेची. ज्ञानचंदजींची सामायिकाची वेळही तीच. दोन घडी एका जागी बसायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही, सगळ्या जिवांविषयी समभाव ठेवायचा. त्यांनी आसन उचलून कुंड्यांपाशी मांडलं. माणूस बसलेला पाहून ती येणार नाही असा त्यांचा हिशेब होता. पहिल्या दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशी लांब बसून तिने पाहून घेतलं. हा माणूस या वेळी हलत नाही आणि हुसकावतही नाही, हे तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. ती कुंडीत चढली, त्यांच्या तोंडाकडे तोंड करून बसली, आणि सगळा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. ज्ञानचंदजींनी समभाव ठेवला. दोन घडी संपल्यावर ते उठले आणि थेट स्वयंपाकघरात गेले.

"एक शब्द नाई बोललो मी," ते म्हणाले. "बोट नाई हालवलं. पन मनात आला. मनातला बी धराचा का?"

"राग मनातच येते न," राजमतीबाई म्हणाल्या. "मंग बाहीर येते."

त्यांनी कणीक अर्धी परत डब्यात टाकली. उद्याची तजवीज त्या आजच करून ठेवत.

अशा रीतीने एक घडी बसली. उपासाच्या दिवशी ज्ञानचंदजींच्या अंगात रागवायचं बळच नसे, त्यामुळे तो दिवस निर्मळ जाई. दुसऱ्या दिवशी ते जेवत, अंगात बळ येई, मांजर कुंडीत जाई, आणि राग येई. तिसऱ्या दिवशी पुन्हा उपास. श्रावण सरेपर्यंत त्यांचा कोट खांद्यावरून उतरायला लागला. आवाज बारीक झाला. पस्तीस लुगडी उलगडून झाल्यावर बाईने काही घेतलं नाही, तरी ते फक्त "बरं" म्हणत, कारण त्याहून मोठा शब्द तोंडातून निघत नसे. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून बायांना कसंतरी होई आणि त्या एखादं लुगडं घेऊनच उठत. हळूहळू ज्ञानचंदजींची गादी भरू लागली आणि समोरची रिकामी होऊ लागली.

एक दिवस उपास, एक दिवस जेवण, हे समाजाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. एकांतर उपास करणं म्हणजे थोर तपस्या. ज्ञानचंदजी कुणाला न सांगता, गाजावाजा न करता ती करत आहेत, याचं लोकांना फार कौतुक वाटलं. खरं काय ते एका गुलाबबाईंना ठाऊक होतं. त्या हुकूमचंदजींच्या पत्नी. मधल्या भिंतीतून त्यांना सगळं ऐकू येई. पण त्याच भिंतीतून राजमतीबाईंनाही बरंच ऐकू येत असल्यामुळे दोघी एकमेकींचं झाकून होत्या.

पर्युषणाच्या शेवटी मंदिरात ज्ञानचंदजींचा सत्कार ठरला. ते नको नको म्हणत होते, पण फार जोरात म्हणता येत नव्हतं. माळ घालून झाली आणि पंडितजी म्हणाले, "ज्ञानचंदजींनी क्षमेवर दोन शब्द बोलावेत."

ज्ञानचंदजी उभे राहिले. माळेच्या ओझ्याने त्यांना किंचित वाकावं लागत होतं. खोटं बोलायचं त्यांच्या फार जिवावर आलं. "मी काईच केलं नाई," ते म्हणाले. "हे सगळं मांजरीनं करवलं. थे कुंडीत जाते. मले राग येते. मंग उपास घडते. बस, इतकंच हाय."

पंडितजींनी डोळे मिटून घेतले. "किती सोपं करून सांगितलं," ते म्हणाले. "मन हीच मांजर. आणि कुंडी म्हणजे हा देह."

पुढच्या ओळीतल्या दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. ज्ञानचंदजींनी आणखी एकदा सांगून पाहिलं की मांजर खरी आहे, ओसरीवर आहे. त्यावर तिसऱ्या म्हाताऱ्यानेही डोळे पुसले. तेव्हा ते खाली बसले.

आता हुकूमचंदजींना गप्प बसणं कठीण झालं. दोन महिन्यांत त्यांची गिऱ्हाइकं समोर गेलीच होती, आता पुण्यही चाललं होतं. ते उठून पुढे गेले, त्यांनी पंडितजींपुढे हात जोडले आणि उरलेल्या चातुर्मासासाठी तोच नियम, त्याच शब्दांत, सगळ्यांच्या देखत घेतला. "मले तसा राग येतच नाई," बसता बसता ते शेजाऱ्याला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी क्षमावाणी होती. या दिवशी ज्याने त्याने साऱ्या जिवांची क्षमा मागायची, म्हणून लोक घरोघर फिरत असतात. ते सगळे आधी ज्ञानचंदजींकडे आले. ओसरी भरून गेली. हुकूमचंदजी नवं पांढरंशुभ्र धोतर नेसून आले होते. त्यांना मानाची जागा म्हणून कुंड्यांच्या शेजारी सतरंजीवर बसवलं. ज्ञानचंदजींनी प्रत्येकासमोर हात जोडून वर्षभराची क्षमा मागितली. हुकूमचंदजींचीही मागितली.

"झालं सगळ्याईचं," ते म्हणाले.

"हिची राह्यली," राजमतीबाई दारातून म्हणाल्या.

मांजर उंबरठ्यावर उभी होती. लोकांनी वाट करून दिली. ज्ञानचंदजींनी तिच्याकडे पाहिलं. दोन महिन्यांचे सगळे उपास त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. मग ते खरोखरच तिच्यासमोर वाकले आणि त्यांनी हात जोडले. मांजरीने ते नमन पाहून घेतलं, त्यांना वळसा घातला आणि ती गुलाबाच्या कुंडीत चढली.

ती उकरू लागली. आधी हळू, मग जोरात. ज्ञानचंदजी हात जोडून उभे होते. राजमतीबाईंनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. शीर जागच्या जागी होती. त्यांनी पुन्हा नीट पाहिलं. राग आला नव्हता. वीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं आणि त्यांना एकदम भरून आलं. तेवढ्यात मांजरीने मागच्या पायांनी ओली माती उडवली, ती सगळी हुकूमचंदजींच्या धोतरावर बसली, आणि मातीबरोबर आदल्या दिवशीचंही काही आलं.

हुकूमचंदजी उठून उभे राहिले. त्यांनी मांजरीपासून सुरुवात केली, तिची आई आणि आजी घेतली, मग कुंडी घडवणारा कुंभार आणि गुलाब विकणारा नागपूरचा माळी. आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचला. लोक चकित होऊन ऐकत होते. गुलाबबाई तेवढ्या चकित झालेल्या दिसल्या नाहीत. शेवटी हुकूमचंदजींचा दम संपला आणि आपण कुठे आहोत हे त्यांना आठवलं.

ज्ञानचंदजींनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिल्या दिवशी जड जाते," ते म्हणाले. "दुपारी जरा पडून राहा. दुकानात जास्त बोलू नका."

"गुलाबबाई," राजमतीबाई म्हणाल्या, "उद्या कनीक अर्धीच भिजवा."

लोक गेले. हुकूमचंदजी धोतर बदलायला गेले. गुलाबबाई मात्र खांबाला टेकून उभ्याच होत्या.

"एक मागू का, राजमतीबाई?" शेवटी त्या म्हणाल्या. "चातुर्मास सरेपरेंत थे मांजर आमच्या घरी द्या न. मी दूध घालीन, पोयी घालीन. तुमच्या मालकाले गुन आला. आमचे मालक दुकानात साखर, आन घरी कसे बोलतात थे तुमाले भित्तीतून माहीतच हाय."

राजमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गेले दोन महिने ही मांजर कुंडीपासून लांब राहावी म्हणून नवऱ्याने काय काय केलं नव्हतं. ज्ञानचंदजी सांडलेली माती हाताने गोळा करत होते.

"मांजर नाई भेटनार, वहिनी," ते म्हणाले. "माह्ये अजून दोन महिने बाकी हायेत. कुंडी पाह्यजे तं घेऊन जा."

आणि त्यांनी गुलाबाची कुंडी स्वतः उचलून हुकूमचंदजींच्या ओसरीवर नेऊन ठेवली. मांजर कुंडीच्या मागोमाग गेली.