दार उघडं आहे जी!

ऑफिसात आल्या आल्या मेश्रामसाहेब अनोळखी माणसांना फोन करून घाबरवायचे.

"तुमी मले ओळखत नाही जी, पण तुमच्या वेबसाईटचं दार सताड उघडं आहे!"

रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात आम्ही दवाखान्यांच्या, शाळांच्या वेबसाईटी सांभाळतो. साहेब साऱ्या गावाच्या सांभाळत. वेबसाईट चालवणारं सॉफ्टवेअर जुनं राहिलं, की त्यातल्या भोकातून कुणीही परका आत स्वतःचे हुकूम चालवू शकतो, याचा त्यांना घोर. पलीकडून बहुधा शिव्या यायच्या. एका मिठाईवाल्याने "आमच्या दुकानाले शटर आहे" म्हणून फोन आपटला. एका बाईंनी पोलिसांची धमकी दिली, तर साहेब खूश. "चला, सावध तर झाली वं!"

एकच वेबसाईट त्यांनी वर्षानुवर्षं तशीच ठेवली होती, त्यांची स्वतःची. उमरेडच्या म्हाताऱ्या विणकरांपाशी बसून साहेबांनी भरून घेतलेल्या आठवणी, त्यांच्याच आवाजात. "नवं टाकलं का आवाज वाजत नाही," म्हणायचे. "अन् तिथं कोन येते मरायले?"

उन्हाळ्याच्या तोंडावर कुणीतरी आलं. आवाजांच्या जागी जुगाराच्या जाहिराती नाचू लागल्या. दुसरी प्रत त्याच सर्व्हरवर होती, तीही पुसली गेली. त्या दिवशी साहेबांनी कुणालाच फोन केला नाही.

शनिवारी म्हणाले, "उमरेडले येतं का वं? सांगून येतो साऱ्यायले."

घरोघरी हात जोडून ते एकच सांगत होते, "माह्या हातून गेलं जी." बहुतेकांना वेबसाईट म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. त्यांनी आम्हाला चहा पाजला.

शेवटचं घर सुभद्राबाईंचं. त्यांचे यजमान दिवाळीत गेले. नातीच्या मोबाईलवर त्या रोज दुपारी त्यांना ऐकायच्या. आता वाजत नाही, म्हणजे मोबाईलच बिघडला, असं त्या धरून चालल्या होत्या.

"त्यायचा आवाज बी गेला का?"

"हो वहिनी. भोक मले माहीत होतं. मी बुजवलं नाही."

बाईंनी नातीचा मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तू तर लय खेपा बसला होता त्यायच्यापाशी. कसे बोलत होते, सांग न गा."

साहेबांनी घसा खाकरला. सूत तुटलं की तो माणूस कसा करवादायचा, मागावरून उठताना गुडघ्यांना काय म्हणायचा, ते थांबत थांबत सांगू लागले. सुभद्राबाई डोळे मिटून ऐकत होत्या. एका जागी त्यांनी अडवलं.

"असे नोते म्हनत ते. जरा हळू म्हनत."

साहेबांनी मान खाली घातली आणि तेच वाक्य पुन्हा, हळू म्हटलं.