सव्वातीन टक्क्यांची सकाळ

सकाळी साडेसहाला यी-रूने तिसऱ्यांदा आकडा वाचला. मशीन सव्वातीन टक्के कमी दाखवत होतं. मुभा होती जेमतेम दोन टक्क्यांची.

चियायीच्या त्या हॉस्पिटलात यी-रू वर्षभर किरणोपचाराच्या मशीनची तपासणी शिकत होती. माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. म्हणून दर महिन्याला मशीनने आधी पाण्यावर नेम धरायचा आणि मगच माणसांवर, असा तिथला नियम. टाकी आदल्या संध्याकाळी भरून ठेवायची, सकाळी तिच्यात बोटाएवढी मोजनळी बुडवायची आणि किरण किती आले ते मोजायचं. आज पहिल्यांदाच सगळी तपासणी एकट्या तिच्यावर सोपवून तिचे वरिष्ठ, को सर, तैपेईला मीटिंगला गेले होते.

"सकाळच्या गाडीने साडेनऊपर्यंत पोचतो," ते जाताना म्हणाले होते. "सगळं नीट झालं तर तुझ्या कागदावर सही करतो. मग तू एकटीने मशीन रुग्णांसाठी सोडायला मोकळी. अडलंच, तर फोन कर."

पण हे शेवटचं वाक्य त्यांनी असं काही उच्चारलं, जणू सासऱ्याने निघालेल्या जावयाला 'हवं तर राहा अजून दोन दिवस' म्हणावं. फोन केला की सही गेली, हे यी-रूने आपलं आपणच ठरवून टाकलं.

खरं तर दिवसाची सुरुवात काय झकास झाली होती! एरवी जानेवारीत त्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला की हाडं कळवळायची. आज पाणी मुळीच बोचलं नाही. 'झाली बाई सवय!' ती स्वतःवरच खूश झाली. मग तिने फॉर्म भरला. खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान असे दोन रकाने. भिंतीवरचं थर्मामीटर बावीस दाखवत होतं. पाणी रात्रभर त्याच खोलीत उभं, ते वेगळं कशाला असेल? पाण्यात बुडवायचं थर्मामीटर ड्रॉवरमध्ये सुखाने झोपलेलं असायचं आणि सगळेच जण दोन्हीकडे एकच आकडा लिहायचे. तिनेही बावीस आणि बावीस लिहिलं.

"किती कमी?" वेई-त्सुंगने दारातून विचारलं. हा सोळा वर्षं तेच मशीन चालवणारा तंत्रज्ञ. मशीनचं दुखलंखुपलं आपल्याला सगळ्यांत आधी कळतं, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

"सव्वातीन, वेई दादा."

"मग दे की तेवढं वर ढकलून. हाय काय नि नाय काय!"

"आणि मशीन बरोबर असलं तर? महिनाभर छत्तीस माणसांना रोज जास्त बसेल. भाजून निघतील बिचारी."

वेई-त्सुंगने मान खाजवली. मग त्याची नजर मशीनच्या डोक्यावर गेली आणि तो किंचाळलाच. "अगं, पुडा बघ! पुडा!"

मशीनवर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवलेला होता. त्या गावातल्या प्रत्येक शहाण्या यंत्रावर असतोच. पुडा हिरवाच हवा, फोडलेला नको आणि मुदतीतला हवा, नाहीतर यंत्र रुसतं. या पुड्याची मुदत संपून अकरा दिवस झाले होते.

"अकरा दिवस!" वेई-त्सुंग कळवळून म्हणाला. "अकरा दिवस उपाशी ठेवलंत त्याला! कुणी लक्ष देतं का इथे?"

"दादा, मी भौतिकशास्त्र शिकलेय."

"म्हणूनच तुझं लक्ष नाही."

तो कोपऱ्यावरच्या दुकानात धावला. तिथे नेमके पिवळे पुडे होते. पिवळा ठेवणं म्हणजे आगीत तेल, म्हणून तो स्कूटरवरून स्टेशनपर्यंत गेला आणि हिरवा घेऊनच आला. पुडा ठेवला, दोन्ही हात जोडले. सव्वासातला यी-रूने पुन्हा मोजलं. दोन पूर्णांक आठ.

"बघ!" वेई-त्सुंग छाती काढून म्हणाला.

यी-रूने हसण्यावारी नेलं, पण आकडा खाली आला होता हे खरं. तिने मशीनवाल्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो ताइनानमध्ये नाश्त्याच्या रांगेत उभा होता. "पूर्ण बंद करा, चहा प्या, मग चालू करा," तो म्हणाला. तसं केलं. सव्वाआठला मोजलं, तर दोन पूर्णांक तीन.

"माझी फी राहू द्या," इंजिनिअर फोनवर खुशीत म्हणाला आणि रांगेत पुढे सरकला.

तोवर बाहेर माणसं जमली होती. सगळ्यांत पुढे येन आजोबा. पुताईच्या किनाऱ्यावर कालवं काढण्यात जन्म गेलेला माणूस. पहाटे पाचची बस धरून आलेले. आज त्यांची पस्तिसावी, म्हणजे शेवटची खेप. सून टर्कीभाताच्या दुकानात दहा माणसांची जागा धरून बसली होती.

"मशीनचं बिनसलंय म्हणे?" आजोबांनी विचारलं.

"थोडं तपासतोय आजोबा. आज कदाचित नाही होणार."

"नाही होणार? अगं, अख्खं खानदान जेवायला बोलावलंय मी! थांब, मी बोलतो त्याच्याशी." आणि कुणी अडवायच्या आत ते आत शिरले, मशीनवर थाप मारून म्हणाले, "काय रे बाबा, चौतीस दिवस गुण्यागोविंदाने काढले आपण. आज शेवटच्या दिवशी तोंड का फिरवतोस? एवढं कर. पुन्हा नाही त्रास देणार तुला."

त्यांना बाहेर नेऊन यी-रूने मोजलं. नऊला पाच मिनिटं होती. एक पूर्णांक नऊ!

"पास!" वेई-त्सुंग ओरडला. "दोनच्या आत आलं! कर सही, घे आजोबांना."

बाहेर टाळ्या पडल्या. आजोबा लग्नातल्या वरबापासारखे सगळ्यांचे नमस्कार घ्यायला लागले.

यी-रूने पेन उचललं. आकडा मुभेत होता. फॉर्मला काही हरकत नव्हती. को सर येतील, सही करतील, वर्षाचं चीज होईल. पण पेन कागदाला टेकेना. पुड्याने अर्धा टक्का, बंद-चालूने अर्धा टक्का, लाडीगोडीने अर्धा टक्का? औषध न देता उतरलेला ताप बघून तिची आई रात्रभर उशाशी बसायची, झोपायची नाही.

तिने पेन खाली ठेवलं. "वेई दादा, हे का सुधारतंय ते मला कळत नाहीये. जोवर कळत नाही, तोवर मी या टेबलावर कुणाला झोपवणार नाही."

"अगं, बिघडलं तर कारण शोधावं. बरं होतंय त्याचं कारण शोधणारी तूच पहिली!"

बाहेर कुरबुर सुरू झाली. सुनेचा दुसरा फोन येऊन गेला. येन आजोबा परत बाकावर जाऊन बसले, ते तिला फार लागलं. शेवटी तिने को सरांना फोन लावला. ते स्टेशनवरून टॅक्सीत बसले होते.

"काय काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"पुडा बदलला. मशीन बंद करून चालू केलं. मग आजोबा बोलले त्याच्याशी."

"आता कृपा करून काहीही करू नका," को सर म्हणाले. "मी पोचतोच."

झालं. गेली सही. यी-रू टाकीशेजारी स्टुलावर बसून राहिली. वीस मिनिटांनी को सर ओव्हरकोटासकट आत आले, फॉर्म हातात घेतला आणि नेमक्या त्याच वेळी दारात आ-किन मावशी उभ्या राहिल्या. त्या मजल्यावरची साफसफाई त्यांच्याकडे होती. हातात मोठा थर्मास.

"यी-रू, पाणी गार झालं असेल ना गं आता? अजून एक थर्मास ओतू का?"

"अजून?" को सरांनी विचारलं.

"पहाटे पाचला ओतलंच होतं की! पोरीच्या बोटांना भेगा पडल्यात. तरण्या मुलींनी थंड पाण्यात हात घालू नयेत, साहेब, पुढे संधिवात धरतो." मग जरा अभिमानाने, "पण काम चोख हं! जेवढं काढलं तेवढंच घातलं. खुणेच्या वर एक थेंब नाही."

को सरांनी ड्रॉवर उघडला, थर्मामीटर पाण्यात सोडलं. साडेसत्तावीस. त्यांनी दुसऱ्या रकान्यातलं बावीस खोडलं आणि हिशेब केला. नळीतली हवा गरम झाली की विरळ होते आणि नळी कमी मोजते. मग पाणी जसजसं निवत गेलं, तसतसं मशीन 'सुधारत' गेलं.

"मशीन पहाटेपासून ठणठणीत आहे," ते म्हणाले. "आजारी होता तो हा कागद. काय गं, दुसरा रकाना काय शोभेला ठेवलाय?"

यी-रूचे कान लाल झाले. वेई-त्सुंग छताकडे बघू लागला. दारातून येन आजोबांचा आवाज आला, "म्हणजे मी उगीचच लाड केले त्याचे?"

"नाही आजोबा, तुमचं बोलणं आवडलं असेल त्याला. चला, या आत," को सर म्हणाले.

वेई-त्सुंगने आजोबांना टेबलावर घेतलं. यी-रू आणि को सरांनी टाकी ढकलत शेजारच्या खोलीत नेली, तेव्हा मागोमाग आलेल्या मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्यापायी एवढी आजारी माणसं ताटकळली."

"मावशी, तुम्ही मला विचारायचं तरी," यी-रू म्हणाली. तिला राग आला होता आणि तो धरून ठेवताही येत नव्हता.

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस. सहा वर्षांपूर्वी मी त्याच टेबलावर तेहतीस दिवस झोपले होते गं. वाटायचं, मशीनच आहे, बटण दाबलं की चालतं. मग इथे कामाला लागले, तेव्हा दिसलं की पहाटे कुणीतरी आधी थंड पाण्यात हात घालतं, तेव्हा कुठे आमच्यासारखी वाचतात. माझ्या वेळी कोण होतं, कधी विचारलंच नाही. त्याचे हात तर आता गरम करता येणार नाहीत. म्हटलं, निदान हिचे तरी."

को सर कोटाची बटणं उगीचच काढघाल करत होते. "सहा वर्षांपूर्वी ना?" ते म्हणाले. "त्या वर्षी दुसरा माणूस नव्हता इथे. मीच होतो, मावशी."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. वर्षभर ज्या साहेबांकडून ओल्या फरशीबद्दल रोज बोलणी खाल्ली, ते हेच. मावशी कमरेतून खाली वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"अहो, उठा, उठा. ते माझं कामच होतं," को सर पार गडबडले. मग खाली बघत पुटपुटले, "संधिवाताचं मात्र खरं आहे तुमचं. बोटं अजून आखडतात."

यी-रू हळूच बाहेर सटकली. आजोबांची पस्तिसावी खेप पार पडली, ते तिच्या दोन्ही हातांना धरून हसले, तिलाही जेवायला चला म्हणाले आणि सुनेचा तिसरा फोन घेत निघाले. मग आपला वर्षाचा कागद घेऊन ती शेजारच्या खोलीत आली.

"सर, मी नापास ना?"

"रकान्याबद्दल लिहिणार मी, लाल शाईने. एक पूर्णांक नऊ असताना पेन खाली ठेवलंस, तेही लिहिणार. पण सही जरा थांबू दे."

"का सर?"

को सरांनी मान न वळवता हनुवटीनेच टाकीकडे इशारा केला. कोट खुर्चीवर पडला होता, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, दोन्ही हात पाण्यात, डोळे मिटलेले. शेजारी मावशी थर्मास तिरका धरून सावकाश धार सोडत होत्या.

"हात ओले आहेत," ते म्हणाले. "मावशी, अजून थोडं."