पंचांविरुद्ध ब्र नाही

"बाबा, शब्द द्या," निधी म्हणाली. "उद्या संध्याकाळी पंचांविरुद्ध ब्र काढायचा नाही."

"कुठल्या पंचांविरुद्ध?"

"कुठल्याच. क्रिकेटच्या नाही, कबड्डीच्या नाही, आणि तुमच्या त्या अमेरिकन फुटबॉलच्या तर अजिबातच नाही."

सुबोधने चहाचा कप खाली ठेवला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं तेव्हासुद्धा त्याचं तोंड एवढं उतरलं नव्हतं.

सुबोध सौदीतल्या जुबैलच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. हेल्मेटचा पट्टा न लावणाऱ्या हेल्परला जी दंडाची चिठ्ठी, तीच गोऱ्या मॅनेजरला. त्यामुळे तो लांबून येताना दिसला की बडे बडे साहेब आधी स्वतःची हनुवटी चाचपून बघत. अमेरिकन फुटबॉलचं वेड त्याला टेक्सासच्या एका साहेबाने लावलं. साहेब निवृत्त होऊन घरी गेला, वेड इथे ठेवून गेला. अंडाकृती चेंडूसाठी धिप्पाड माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात, यात एका सरळमार्गी मराठी माणसाला काय आवडावं? तर नियम. प्रत्येक धक्क्याला नियम, प्रत्येक पकडीला शिक्षा. सुबोध त्यावर भाळला, आणि तिथेच त्याचा घात झाला. कारण नियम ढीग होते, पण पंचांना ते लहर लागेल तसे आठवत. समोरच्याचा शर्ट धरला की 'होल्डिंग'चा फाऊल, पंचाने पिवळा रुमाल फेकायचा, संघाने दहा यार्ड मागे जायचं. पण एकाला रुमाल आणि त्याच गुन्ह्याला दुसऱ्याला माफी, असा सगळा कारभार.

"मग नियम छापलेत कशाला? रद्दीत घाला," असं तो दर सामन्याला ओरडे. खालच्या मजल्यावर एक सुदानी कुटुंब राहत होतं. त्यांच्या धाकट्या मुलीला हे वाक्य मराठीत पाठ झालं होतं.

आता गोष्ट अशी होती, की निधीने आपलं लग्न स्वतःच जमवलं होतं. मुलगा ऋग्वेद, अल-खोबरला इंजिनिअर, सालस. त्याचे आईवडील सांगलीहून व्हिजिट व्हिसावर आले होते आणि परवा पहाटे परत निघायचे होते. म्हणजे रविवारची एकच संध्याकाळ हातात. वडील भाऊसाहेब म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षक आणि कबड्डीचे जुने पंच. त्या घरात त्यांनी हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर नाही.

"ऋग्वेद म्हणतो, त्यांचं त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं बंद आहे," निधी म्हणाली. "कबड्डीच्या फायनलमध्ये पंचाच्या निर्णयावरून भांडण झालं म्हणून. बाबा, मला ऋग्वेदशीच लग्न करायचंय. प्लीज."

निधीने प्लीज म्हटल्यावर सुबोधचा इलाज चालत नसे. "दिला शब्द," तो म्हणाला.

आणि सुबोधने शब्द दिला म्हणजे तो कामाला लागला. त्याने गेल्या हंगामातला सगळ्यात अन्यायाचा सामना काढला आणि तोंडात पाण्याची चूळ धरून बघायला बसला. पहिल्या वेळी पाणी टीव्हीवर उडालं. दुसऱ्या वेळी ठसका लागून डोळ्यात पाणी आलं. तिसऱ्या वेळी त्याने घोट गिळला आणि शांतपणे म्हणाला, "पंचही माणूसच आहे."

बायकोने, सरिताने, त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुर्दैव असं, की त्याच रविवारी त्याच्या आवडत्या निळ्या संघाचा सामना होता. एरवी हे सामने आडवेळी लागत, पण यंदा लीगने हा एक युरोपात ठेवला होता, म्हणून तो जुबैलला चक्क संध्याकाळी चहाच्या वेळेला दिसणार होता. सुबोध त्या तारखेची महिनाभर वाट बघत होता. तरी त्याने रिमोट स्वतःच्या हाताने कपाटात कपड्यांखाली ठेवला. पोरीच्या लग्नापुढे मॅचचं काय घेऊन बसलात.

पाहुणे वेळेवर आले. भाऊसाहेब उंच, ताठ, मिशीवाले. त्यांच्या पत्नी अहिल्याबाई ठेंगण्या, हसऱ्या आणि कमी बोलणाऱ्या. बटाटेवडे झाले, खजुराची बर्फी झाली, सांगलीच्या हळदीच्या भावावर बोलून झालं. सगळं कसं छान चाललं होतं, आणि बेल वाजली.

दारात वहाब. दाभोळकडचा, जुबैलमध्ये स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा सुबोधचा दोस्त. त्याला या खेळातलं ओ की ठो कळत नसे. तो मॅच बघायला येतच नसे, तो सुबोधला बघायला येई. आज पाहुणे आहेत, असं सुबोधने त्याला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. त्यातून वहाबने मंडळी जास्त आहेत एवढाच अर्थ घेतला आणि जास्तीचे कबाब आणले.

"मॅच लावली नाय अजून?" वहाब आत येत म्हणाला. "चालू झाली असेल ना. यल्ला, लाव लाव."

"कसली मॅच?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"काही नाही हो, ते आपलं अमेरिकेतलं..." सुबोध म्हणाला.

"मग लावा की. खेळ कुठला का असंना, बघायला आपल्याला आवडतो. माझ्यासाठी तुम्ही बंद ठेवला व्हय?"

आता नाही कसं म्हणणार? सुबोध कपाटापाशी गेला आणि कपड्यांखालून रिमोट काढून आणला. टीव्ही कपाटातून चालतो की काय, असं भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर दिसलं.

सामना रंगला. निळे विरुद्ध तांबडे. भाऊसाहेबांनी अर्ध्या तासात खेळ समजून घेतला. "म्हणजे ह्यो चेंडू घेऊन जाणारा आपला चढाई करणारा. त्याला पाडायचं. बरोबर हाय. आणि बाकीच्यांनी एकमेकांचा शर्ट धरायचा नाही. आमच्यात पण बनियन ओढली की फाऊलच."

तेवढ्यात निळ्यांचा गडी चेंडू घेऊन थेट शेवटच्या रेषेपार गेला. सुबोध उठणार, इतक्यात पिवळा रुमाल पडला. होल्डिंग. गुण रद्द. टीव्हीवर संथ गतीने दाखवलं, तर निळ्याने समोरच्याच्या छातीवर नुसता हात ठेवला होता.

वहाबने पाय वर घेतले आणि कबाब हातात धरून सुबोधकडे तोंड केलं. हा तमाशा बघायलाच तर तो आला होता. स्वयंपाकघराच्या दारात निधी उभी होती.

सुबोधच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सोफ्याची उशी त्याने पोटाशी घट्ट आवळली. "बरोबर दिलं," तो म्हणाला. "पंचांनी योग्यच दिलं."

"सुबोधभाय, तब्येत बरी हाय ना?" वहाबने विचारलं.

"नुसता हात तर लावला त्यानं," भाऊसाहेब म्हणाले.

"हात लावला म्हणजे धरण्याचा विचार असणारच," सुबोध म्हणाला. निधीने दारातून अंगठा दाखवला.

पुढच्याच डावात तांबड्यांच्या गड्याने निळ्याची मान बगलेत घालून त्याला आडवं केलं. सुबोधने रुमालाची वाट पाहिली. रुमाल नाही. तांबड्यांना गुण.

"आता ओ?" भाऊसाहेब पुढे सरकले. "मघाशी हात लावला तर फाऊल, आणि हितं मुंडी पिरगाळली तर काही नाही?"

"पंचांच्या कोनातून दिसलं नसेल."

"अहो, तो पंच दोन हातांवर उभा हाय."

"ऊन डोळ्यावर आलं असेल."

"तिथं पाऊस पडतोय."

सुबोधने एक अख्खा वडा तोंडात कोंबला. तेवढ्यात ऋग्वेदने निधीकडे बघून समाधानाने मान हलवली, ती त्याने पाहिली आणि त्याला मोठं बळ आलं. आता मान कापली तरी बोलणार नाही, असं त्याने ठरवलं. भाऊसाहेब मात्र आता टीव्हीकडे कमी आणि सुबोधकडे जास्त बघत होते.

तिसऱ्यांदा तेच झालं. तांबड्याने दोन्ही हातांनी निळ्याचा शर्ट मागून ओढला, शर्टाची बाही फाटली, फाटकी बाही तांबड्याच्या हातात राहिली. रुमाल नाही. टीव्हीवाल्यांनी ते चार कोनांतून दाखवलं.

भाऊसाहेबांनी चहाची बशी बाजूला ठेवली. "सुबोधराव, एक सरळ विचारतो. तुमच्या डोळ्यांनी बघितलंत. होल्डिंग होतं का नव्हतं?"

सुबोधने निधीकडे बघितलं. निधीने मान नाही-नाही अशी हलवली. "पंच म्हणतील तेच खरं," तो म्हणाला.

भाऊसाहेब उठले. "ऋग्वेद, गाडी काढ."

"बाबा, काय झालं?" ऋग्वेद दचकला.

"बाही हातात आली तरी ज्या माणसाला दिसत नाही, त्याच्याशी सोयरीक नको. मी जन्मभर पंच होतो. शिव्या देणाऱ्यांचा मला कधी राग आला नाही. तोंडावर वाहवा करणाऱ्यांनी खेळ नासवला."

"पण मामांशी तुमचं भांडण..."

"तुझा मामाच पंच होता त्या फायनलला. त्यानं गावच्या संघाकडं बघून निर्णय दिला. म्हणून बोलणं सोडलं मी."

निधीने ऋग्वेदकडे असं काही बघितलं, की तो दोन पावलं मागे सरकला.

सुबोधच्या तोंडाचं बूच उडालं. "होल्डिंग होतं, भाऊसाहेब. शंभर टक्के होतं. पहिलं नव्हतं, दुसरं होतं, तिसरं तर आंधळ्यालाही दिसेल. हे पंच नव्हेत, हे वैरी आहेत माझे. मघापासून माझं रक्त आटतंय."

"आता मी म्हणतोय म्हणून तुम्ही म्हणताय," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "मघाशी तिकडं, आता इकडं."

"नाय हो साहेब," वहाब मध्ये पडला. "हा माणूस पंचाला असा काय बोलतो, बायकामाणसांत सांगता यायचं नाय. मी कबाब घेऊन येतो ते त्याच्यासाठीच."

"तुम्ही दोस्त. दोस्ताची साक्ष धरत नाहीत."

"गेल्या वर्षी यांनी टीव्हीवर चप्पल फेकली होती," सरिता कळवळून म्हणाली. नवऱ्याचा हा दुर्गुण ती आजवर सासर-माहेरापासून लपवत आली होती. आज तिला तो अभिमानाने सांगावा लागला.

"तुम्ही तर घरच्या," भाऊसाहेब म्हणाले आणि बूट घालायला दाराशी गेले. निधीच्या डोळ्यात पाणी उभं राहिलं. सुबोधला ते पाहवेना. आयुष्यात एकदा जीभ आवरली आणि नेमकं तेच पोरीच्या मुळावर आलं.

टीव्ही चालूच होता. शेवटचा डाव. तांबडे तीन गुणांनी पुढे, चेंडू निळ्यांकडे. एक बूट घातलेले भाऊसाहेब दारातच थबकले, त्यांची नजर पडद्यावर खिळली. निळ्यांचा गडी चेंडू घेऊन सुटला. त्याला आडवा येणाऱ्या तांबड्याला दुसऱ्या निळ्याने खांद्यापाशी शर्ट मुठीत धरून फिरवलं आणि वाट मोकळी झाली. गडी रेषेपार. रुमाल नाही.

"होल्डिंग," सुबोध ओरडला. लग्न, पाहुणे, शब्द, काही म्हणजे काही त्याला आठवलं नाही. "अरे, आपल्या पोराने धरलंय, मुठीत धरलंय. रुमाल कुठाय? त्यांना एक न्याय आणि आम्हाला एक? मग नियम छापलेत कशाला, रद्दीत घाला."

खालून एका लहान मुलीचा आवाज आला, "रद्दीत घाला."

वहाबने समाधानाने कबाब तोंडात टाकला.

"गप बसा वो," भाऊसाहेब दारातून गरजले. "पंचानं दिलं नाही ना? मग नाही. एवढा लांबून तो पंच बघतोय, तुम्ही जुबैलला बसून त्याला शिकवताय?"

"अहो, चक्क शर्ट मुठीत होता."

"घामानं चिकटला असंल. इतका वेळ आपल्यावर अन्याय झाला तेव्हा कुठं होता तुम्ही? आता एकदा पारडं आपल्याकडं झुकलं तर तुमचा जीव का जातोय?"

अहिल्याबाई इतका वेळ बर्फी खात होत्या. त्यांनी नवऱ्याच्या एका पायातल्या बुटाकडे पाहिलं, मग ताटलीतला बर्फीचा तुकडा उचलून निधीच्या तोंडात घातला. "बस गं अशी माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "यांना आता दुसरा बूट सापडत नाही."

पडद्यावर पंचांनी दोन्ही हात वर केले. गुण मान्य. निळे जिंकले. भाऊसाहेब एका बुटावर लंगडत आले आणि त्यांनी सुबोधला दोन्ही हातांनी कवटाळलं. "जिंकलो की हो आपण, व्याही."

आपण काय बोललो हे एकट्या भाऊसाहेबांनाच कळलं नव्हतं. सरिताने हात जोडले. निधीने अहिल्याबाईंचा हात धरला. सुबोधच्या ओठांवर मात्र अजून ते एकच वाक्य वळवळत होतं, की तरीसुद्धा ते होल्डिंग होतं. त्याने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे.

मग त्याने तो शब्द गिळला, भाऊसाहेबांची पाठ थोपटली आणि आयुष्यात पहिल्यांदा पंचाचा चुकीचा निर्णय अगदी मनापासून मान्य केला.