माणशी लोखंड

दिलावरचाचा कुणाच्याही घरी गेले की लगेच आत येत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून एक डोळा मिटतात आणि उघड्या डोळ्याने दार, खिडक्यांचे गज, छपराचे अँगल, परसातला हातपंप असं सगळं निवांत पाहून घेतात. मग विचारतात, "माणसं किती?"

"पाच."

चाचा ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटतात. चेहरा पडतो.

"लय कमी हाय. माणशी लोखंड लय कमी हाय तुमचं."

एवढं सांगून झालं की चपला काढून आत येतात, चहा पितात, मुलांच्या अभ्यासाची चौकशी करतात. पण चहा पितानासुद्धा त्यांच्या तोंडावर अशी काळजी असते, जणू या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे.

या सगळ्याला कारण मी आहे, हे आधीच कबूल करतो. मी मूळचा खंडाळ्याकडचा, सातारा जिल्ह्यातला. कुंडलच्या शाळेत भूगोल शिकवायला आलो आणि चाचांच्या दुकानाशेजारी भाड्याने राहिलो. चाचांचं आडनाव नालबंद. "आज्यानं बैलाच्या पायात लोखंड घातलं, बानं नांगराला घातलं, मी माणसाच्या दारात घालतो," असा ते आपल्या घराण्याचा इतिहास सांगतात. रस्त्यालगत त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, जिने, शेड असं सगळं तिथे होतं. दुकानामागे बोळातून गेलं की त्यांचं घर. चाचीला बरं नसतं, ती बाहेर पडत नाही, एवढंच गावाला ठाऊक होतं. कुणी घरी यायचं म्हटलं की चाचा दुकानातच स्टूल पुढे सरकवत.

रोज सकाळी शाळेला जाताना मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. "माझा चष्मा वेल्डिंगचा, गुर्जी. त्यातनं सूर्व्या दिसतो, पेपर न्हाई." एके दिवशी बातमी आली की देशाला पोलादाचं उत्पादन प्रचंड वाढवायचं आहे. नव्या भट्ट्या, नवे कारखाने, नव्या रेल्वेलाइनी. शेवटी एक वाक्य होतं: जगातला माणूस सरासरी जेवढं पोलाद वापरतो, त्याच्या मानाने आपला माणूस फार कमी वापरतो, आणि खेड्यातला तर त्याहून कमी.

चाचांनी हातातलं ग्राइंडर बंद केलं.

"म्हंजी आमच्यामुळं देश मागं हाय व्हय?"

"तसं नाही चाचा. ही सरासरी असते."

"तसंच हाय की! दिल्लीवाले भट्ट्या लावतील. पर वापरायचं कुनी? आपुनच न्हवं?"

त्या दिवसापासून देशाच्या पोलाद योजनेचा कुंडल विभाग चाचांनी आपल्याकडे घेतला. दिल्लीला तसं कळवण्याची त्यांना गरज वाटली नाही.

पहिला फटका बसला सुभेदारांना. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आलेले, ऊसवाले, दोन गुंठ्यांत नवं घर बांधलेलं. त्यांनी साधं गेट सांगितलं होतं. चाचांनी जे आणून बसवलं, ते एखाद्या किल्ल्याला शोभलं असतं. ते ढकलायला दोन माणसं लागत आणि लावायला तीन. सुभेदारीणबाई गेट उघडण्याच्या भानगडीतच पडेनात. दूधवाला दुधाची पिशवी आतल्या बाजूला भिरकावू लागला. सीमेवर उभ्या नोकरीत जी वेळ आली नव्हती ती सुभेदारांवर निवृत्तीनंतर आली. ते रोज सकाळी फिरायला जाताना स्वतःच्या कंपाउंडवरून उडी मारू लागले.

"दिलावर, अरे गेट हाय का रणगाडा?" सुभेदार एकदा दुकानात येऊन ओरडले.

"सुबेदारसाब, तुमच्या घराचं माणशी लोखंड आता तालुक्यात एक नंबर हाय," चाचा शांतपणे म्हणाले. "पाकिस्तान आला तरी गेटाभाईर थांबंल."

"पाकिस्तान थांबू दे रं गड्या, मी भाईर थांबतोय त्याचं काय!"

माझ्या वाट्याला कपडे वाळत घालायचा स्टँड आला. माझ्या बायकोला उन्हात सरकवता येईल असा हवा होता. चाचांनी भेट म्हणून तो इतका भरभक्कम करून दिला की जिथे उतरवला तिथेच तो आजही आहे, जिन्याखाली, सावलीत. आमचे कपडे गेली तीन वर्षं नुसत्या वाऱ्यावर वाळतात.

माणशी म्हटलं की माणसं आलीच, त्यामुळे गावातल्या प्रत्येक बारशाला चाचांची पंचाईत होई. पाळण्यातल्या बाळाकडे ते कौतुकाने बघत आणि हळूच उसासा टाकत. "आनि एक वाढला. सरासरी खाली आली." मग आठ दिवसांत त्या घरी लोखंडी पाळणा पोहोचे, असा की बाळ त्यात थेट लग्नाचं होईपर्यंत झोपू शकेल. मयताला गेल्यावर मात्र ते तोंड घट्ट मिटून बसत. सरासरी वर गेली हे त्यांना कळत असणारच. पण ते शब्दाने बोलत नसत, तेवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

अशा माणसाची कीर्ती लपून राहत नाही. मागच्या वर्षी पाइप आणि पत्रे विकणाऱ्या एका कंपनीने सांगलीच्या एका हॉटेलात कारागिरांचा मेळावा ठेवला. तालुक्यात सगळ्यात जास्त माल वापरणारा कारागीर म्हणून चाचांचा सत्कार ठरला. कार्ड घेऊन ते माझ्याकडे आले.

"गुर्जी, सपत्नीक म्हंजी काय?"

"चाचींना घेऊन यायचं."

त्यांनी कार्डाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "मग तुमी चला," म्हणाले.

अशा रीतीने मी चाचींच्या जागी सांगलीला गेलो. एसटीने उतरून रिक्षा केली, हळदीच्या पेठेच्या वासातून हॉटेलात पोहोचलो. थंडगार हॉल, गुबगुबीत खुर्च्या, पडद्यावर आकाशाकडे निघालेले बाण. कंपनीचा एक तरुण साहेब देशाच्या योजनेबद्दल बोलत होता. बाण वर सरकला की चाचा टाळ्या वाजवत, एकटेच. तिसऱ्या बाणाला बाकीच्यांनीही वाजवल्या.

सत्काराला नाव पुकारलं. चाचांना शाल, नारळ आणि चांगलं चार-पाच किलोचं भरीव पोलादी स्मृतिचिन्ह मिळालं. पत्नीसाठी साडी होती. निवेदकाने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि साडी मला दिली. फोटोही निघाला. तो माझ्या बायकोच्या मोबाइलवर अजून आहे आणि पाहुण्यांना दाखवला जातो.

मग साहेबांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? चाचा उठले. मला वाटलं, आता सगळ्या हॉलला माणशी लोखंड विचारणार.

"साह्यब, एवढं समदं करनार तुमी. लय झ्याक हाय. पर हलकं पोलाद कवा करनार?"

"उत्तम प्रश्न!" साहेब खूश झाले. "आता पातळ आणि जास्त ताकदीचं पोलाद येतंय. त्यामुळे मोटारींचं वजन..."

"मोटारीचं न्हवं साह्यब. दाराचं."

"दाराचं?"

"दाराचं. कडीचं. बादलीचं. म्हंजी असं, की..." चाचांनी उजव्या हाताची दोन बोटं वर केली. "एवढ्या दोन बोटांनी ढकललं तर उघडाया पायजे. असं कवा निघंल?"

हॉलभर हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "चाचा, मग पडदा लावा की!" साहेबही हसले आणि सूचना वर कळवू म्हणाले. चाचा खाली बसले. ते हसले नाहीत. ज्या माणसाने सुभेदारांना उड्या मारायला लावल्या तो दोन बोटांचं दार मागतोय, याचं मलाही हसू येत होतं. पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

जेवणाचं ताट समोर येतंय तोच त्यांनी घड्याळ बघितलं. "गुर्जी, मला निघाया पायजे. शेजारीन दोनपतोरच बसती. तुमी जेवून या." कशाला शेजारीण, कुणाजवळ बसते, हे विचारायच्या आत ते रिक्षात बसले होते. स्मृतिचिन्ह आणि साडी माझ्याच पिशवीत राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दहाला पिशवी घेऊन गेलो तर दुकान बंद. हाका मारल्या. मग तीन वर्षांत पहिल्यांदा बोळातून मागे गेलो.

घराला गेट नव्हतं. दारही नव्हतं. चौकटीला बिजागरीच्या जुन्या खुणा होत्या आणि दाराच्या जागी सुती पडदा. मी खाकरलो. "कोन हाय? या की," आतून बाईचा आवाज आला.

आत बांबूची बाज होती. पाण्याला प्लास्टिकचा ड्रम, त्याला नुसत्या धक्क्याने सुटणारी तोटी. खिडकीला गज नव्हते, नायलॉनची जाळी बांधली होती. कपाटाऐवजी वेताच्या टोपल्या, त्यांना कापडी झाकणं. बघता बघता माझ्या ध्यानात आलं की या घरात लोखंड म्हणून नव्हतं.

बाजेवर चाची बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. त्यांच्या मागे चाचा, ठिणग्यांनी भाजलेल्या जाड बोटांत कंगवा, दातांत रिबीन. ते वेणी घालत होते. मला बघून त्यांनी रिबीन काढली आणि कुठे ठेवावी ते न सुचून पुन्हा दातांत धरली.

"बसा गुर्जी," चाची म्हणाल्या. "मी न्हाई लाजत, ह्येच लाजत्यात. झटका आला तवापासनं ह्यो हात माजा न्हाई ऱ्हायला. डाव्यात बी दोनच बोटं कामाची हायती."

"दार..." मी म्हणालो.

"व्हतं की. ह्येंनीच केल्यालं. गावात तसं दार नव्हतं. एकदा वाऱ्यानं बंद झालं आन् कडी पडली. मला काय निघंना. ह्येंचं मशीन चालू, हाक कशी ऐकू जाईल? दुपारपतोर मी दाराला टेकून बसले. दुसऱ्या दिशी ह्येंनी दारच उतरवलं. मग खिडक्या. मग बादल्या. मी म्हनलं, आवं, काय ऱ्हावू द्या घरात!"

चाचा वेणीकडे बघत म्हणाले, "लय जड केलतं मी." आवाज दुकानातला नव्हता.

मी साडी काढून बाजेवर ठेवली आणि मग स्मृतिचिन्ह काढलं. चाची पुढे झुकल्या. "ह्येंना दिलं? बघू. माज्या हातात द्या."

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी वेणी सोडली, माझ्याकडून ते धूड घेतलं आणि चाचींच्या पुढ्यात धरलं. चाचींनी डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या कडेला लावली आणि उचललं. ते उचललं गेलं. छातीपर्यंत वर आलं, तिथून आणखी थोडं, त्यांच्या डोळ्यांसमोर. खाली चाचांचा तळवा होता. मनगटाच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या, आणि चेहरा मात्र असा की हात आपला सहज तिथे राहिलाय.

"आवं, लय हलकं हाय की ह्ये!" चाची म्हणाल्या.

"व्हय," चाचा म्हणाले. "नवीन निघालंय."