कोलोनच्या पायऱ्यांवर सोडे

२०२३ सालच्या ऑक्टोबरात बहारीनमधल्या उम्म अल हस्समच्या फिलिप आणि अ‍ॅग्नेसने जर्मनीला जायचं ठरवलं. तोवर अ‍ॅग्नेसची प्रत्येक सुट्टी वसईत गेली होती. कधी कुणाचं लग्न, कधी कुणाची मयत, उरलेल्या वेळात घराची कौलं. हॉस्पिटलात नर्स म्हणून जन्मभर उभी राहिलेली बाई. तिने फ्रँकफर्ट, हायडेलबर्ग आणि कोलोन निवडलं आणि नवऱ्याला बजावलं, "मला धावतपळत काही बघायचं नाय. कोलोनच्या त्या मोठ्या चर्चसमोर कॉफी घेऊन बसायचंय. कुणाचं काही करायचं नाय."

"खलास," फिलिप म्हणाला. "राणीसारखी बस."

आणि शुक्रवारच्या मिसानंतर त्याने ही बातमी चर्चच्या अंगणात सांगून टाकली.

आखातात राहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. तिथे जाणाऱ्याची बॅग त्याच्या एकट्याची नसते. आज आपण कुणाचं नेलं तर उद्या आपलं कुणी नेईल, या भरवशावर सगळी वस्ती चालते. पहिली आली वरच्या मजल्यावरची स्वप्नाली. तिचा भाऊ सुयोग हायडेलबर्गला शिकत होता.

"आंटी, थोडेसे सुके बोंबील आहेत. वजनच नाही हो त्यांना."

वजन नव्हतं, हे खरंच होतं. अ‍ॅग्नेसने फिलिपकडे पाहिलं. फिलिप छताकडे पाहत होता. मागल्या वर्षी स्वप्नालीच्या नवऱ्याने फिलिपच्या आईसाठी कमोडची खुर्ची वसईपर्यंत नेली होती.

"पोहोचवतो, इंशाल्ला," तो म्हणाला.

मग मसाल्याच्या बाटल्या आल्या, लोणची आली, सुक्या कोळंबीचे सोडे आले. आठवडाभरात असं दिसून आलं की अर्ध्या बहारीनची पोरं जर्मनीत एमएस करताहेत. अ‍ॅग्नेसचे कपडे एकेक करून बॅगेबाहेर पडले.

"माझा कोट?"

"थंडीत कोट अंगावर असतो," फिलिपने समजावलं. "बॅगेत कशाला हवा?"

फ्रँकफर्टमध्ये त्यांनी वसतिगृहं पाहिली. हायडेलबर्गचा किल्ला बसच्या मागच्या काचेतून दिसला, कारण सुयोगची खोली गावाबाहेर होती आणि त्याला शिफ्ट सोडता येत नव्हती. कोलोनच्या गाडीत डब्यातली माणसं एकेक करून उठली आणि पलीकडच्या डब्यात गेली.

"बघ, किती मोकळं असतं इथे," फिलिप म्हणाला.

कोलोनला उतरल्या उतरल्या तो फोनवर पत्ते विचारू लागला. एक पोरगा आखेनला, तान्या नावाची एक मुलगी बॉनला. अ‍ॅग्नेस स्टेशनसमोर चर्चच्या पायऱ्यांवर बसली.

"फोन दे इकडे."

"अगं, पोरं बोलवतायत."

"मीपण बोलवते." तिने सगळ्यांना एकच मेसेज धाडला. आंटी चर्चसमोर बसली आहे. ज्याला खायचंय त्याने यावं.

"इतक्या लांबून कोण येणार सोड्यांसाठी?"

"तू कॉफी आण."

दुपारपर्यंत सगळी आली, आणि मित्रांनाही घेऊन आली. अ‍ॅग्नेसने पायरीवर पिशव्या मांडल्या. पोरं रांगेत उभी राहिली.

"रात्री काय जेवतोस?"

"नूडल्स, आंटी."

"रोज? आणि हा खोकला कधीपासून?"

एवढ्यात दोन पोलीस आले. इथे माल विकायला परवानगी लागते, असं त्यांनी सभ्यपणे सांगितलं. तान्याला जर्मन येत होतं.

"विकत नाहीये. ती आमची आंटी आहे."

पोलिसाने रांग नीट पाहिली. "सगळ्यांची?"

"हो."

"मग हे पोस्टाने का नाही पाठवत?"

तान्याने प्रश्न मराठीत सांगितला. अ‍ॅग्नेसने सोड्यांची पिशवी उघडून पोलिसापुढे धरली. तो पाऊलभर मागे सरकला. पाय तेवढे वाटेतून बाजूला घ्या म्हणाला.

अंधार पडेपर्यंत अ‍ॅग्नेस तिथून उठली नाही.

सुयोग शिकून हायडेलबर्गलाच नोकरीला लागला. स्वप्नाली बहारीनमध्येच सनाबिसला राहायला गेली. तान्या आता मसाला ऑनलाइन मागवते आणि दर वेळी नावं ठेवते. फिलिप सित्रातल्या नोकरीतून निवृत्त झाला, आणि प्रवासाचा बेत आता कुणापुढे काढत नाही. त्याची गरजही उरली नाही. गेल्या वर्षी व्हिएन्नाचं ठरत होतं, तेव्हा अ‍ॅग्नेसनेच घरोघर चौकशी केली. व्हिएन्नात आपल्यापैकी कुणाचंच कुणी नाही, असं कळलं. तिने तिकिटं काढू दिली नाहीत.

"मग तिथे जाऊन करायचं काय?" ती म्हणाली. "नुसतं बसायचं?"